आधी वारा, मग भिंत: सी रँचच्या उतारावरची दहा लाकडी घरं

समुद्रकाठच्या उतारावर माणूस घर बांधतो ते समुद्र बघायला. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अडचण अशी, की ऐन जुलैतही दुपारी स्वेटर घातल्याशिवाय अंगणात बसवत नाही. वायव्येकडून वारा सुटतो आणि किनाऱ्याला समांतर वाहत राहतो. तो वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. इथलं समुद्राचं पाणी 10 ते 12 अंश सेल्सियसच्या आसपास असतं. दमट हवा त्या गार पाण्यावरून आली की धुकं धरतं. हिवाळा कडाक्याचा नसतो, पण पाऊस आणि वादळं तेव्हाच येतात. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ ना धड थंडी, ना ऊब. अशा ठिकाणी घर उबदार ठेवण्याचा प्रश्न हीटरच्या आकारापाशी सुरू होत नाही, वाऱ्यापाशी सुरू होतो.

सोनोमा काउंटीतल्या सी रँच वसाहतीत 1965 साली पुरी झालेली ‘कॉन्डोमिनियम वन’ ही दहा घरांची लाकडी इमारत या प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचायला हवी. तिच्यावर लिहिलं गेलं ते बहुतेक दिसण्याबद्दल: राखाडी फळ्या, तिरपी छपरं, कड्याच्या टोकावरचा आकार. तो आकार असाच का, याचा हिशेब मांडला की ती आजच्या ऊर्जाबचतीच्या चर्चेत चपखल बसते. आणि एका बाबतीत सपशेल मागे पडते.

जागा

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला साधारण 160 किलोमीटरवर, हायवे 1 च्या दोन्ही अंगांना पसरलेली ही जमीन. किनाऱ्याची लांबी सुमारे 16 किलोमीटर. मुळात काशाया पोमो लोकांचा हा प्रदेश. पुढे इथल्या रेडवूडची तोड झाली, मग मेंढ्यांचं कुरण झालं. मेंढ्यांच्या काळात वारा अडवायला माँटेरी सायप्रसच्या रांगा लावल्या गेल्या, समुद्राशी काटकोनात. साठच्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या कॅसल अँड कूक कंपनीच्या ओशॅनिक या उपकंपनीने ही जमीन घेतली. कंपनीतर्फे काम बघणारे अल बोकी स्वतः वास्तुविशारद होते. त्यांनी भूदृश्यरचनाकार लॉरेन्स हाल्प्रिन यांना आराखड्यासाठी बोलावलं, आणि पहिल्या इमारतींसाठी दोन चमू निवडले. एक जोसेफ एशरिक यांचा आणि दुसरा चार्ल्स मूर, डॉनलिन लिंडन, विल्यम टर्नबुल आणि रिचर्ड व्हिटेकर या चौघांचा.

हाल्प्रिननी नकाशावर प्लॉट पाडण्याआधी जमीन वाचायला घेतली. वारा कुठून येतो, कुठे मंदावतो, ऊन कुठे टिकतं, पाणी कुठे मुरतं. त्यात एक साधं निरीक्षण फार पुढपर्यंत उपयोगी पडलं. उघड्यावरच्या सायप्रसचे शेंडे वाऱ्याने तिरपे तासले जातात. वाऱ्याच्या बाजूला झाड बुटकं राहतं आणि आडोशाच्या बाजूला चढत जातं. त्या तिरपेपणावरून वारा वर सरकतो आणि मागे शांत हवेचा एक खिसा तयार होतो. झाडाच्या जागी छप्पर ठेवलं तर?

एशरिकनी घरं सायप्रसच्या रांगांच्या आडोशाला बसवली आणि छपरांचा उतार झाडांच्या त्या तिरप्या रेषेशी जुळवला. काही छपरांवर तर माती टाकून गवत लावलं. दुसऱ्या चमूच्या वाट्याला मात्र कड्याचं उघडं टोक आलं. तिथे आडोशाला झाड नाही. आडोसा इमारतीनेच तयार करायचा होता.

उतार तसाच ठेवायचा

उताराच्या जागेवर पहिला मोह होतो तो जमीन सपाट करण्याचा. वरून कापायचं, खाली भराव घालायचा, मध्ये माती अडवणारी मोठी राखण भिंत बांधायची आणि त्यावर सपाट जमिनीवरचंच घर ठेवून द्यायचं. आपल्याकडचे डोंगरउतारावरचे बंगले बघा, शंभरातले बहुतेक असेच. ऊर्जेच्या हिशेबात हे घर उभं राहायच्या आधीच तोट्यात गेलेलं असतं, कारण बरंच काँक्रीट आणि सळई त्या राखण भिंतीतच जिरते. शिवाय कापलेल्या उताराला पाण्याची नवी वाट करून द्यावी लागते. ती नीट झाली नाही तर भिंतीमागे पाणी तुंबतं आणि भिंत पुढे झुकते.

इथे जमीन जशी उतरत होती तसे मजल्यांच्या पातळ्यांचे टप्पे उतरवले. प्रत्येक घराचा मूळ चौरस 24 फूट बाय 24 फूट. आराखडा जुळवताना जागेच्या मॉडेलवर साखरेचे चौकोनी खडे मांडून बघितले गेले, एक खडा म्हणजे एक घर. मॉडेलवर खडा हलवला की लगेच दिसतं, कुठे कोपरा उघडा पडतो, कुठे चौक तयार होतो, कुठलं घर कुणाचा समुद्र अडवतं.

लाकडाचा फायदा इथे पहिल्यांदा कळतो. डग्लस फरसारखं बांधकामाचं लाकूड एका घनमीटरला साधारण 500 किलो भरतं, काँक्रीट 2400 किलो. हलक्या घराला पायाही हलका पुरतो आणि जमीन कमी उकरावी लागते. शिवाय भूकंपाचं बळ वस्तुमानाच्या प्रमाणात येतं. सॅन अँड्रियास प्रस्तरभंग, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली मोठी भेग, इथून अगदी जवळून जाते, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नाही. जाडजूड खांब आणि तुळया, त्यांना तिरपे आधार, अशी कोठारासारखी चौकट उभी केली आणि ती आतून उघडीच ठेवली. या प्रदेशातली मेंढ्यांची आणि गवताची जुनी कोठारं अशीच उभी आहेत. सुतारांना नवीन काही शिकायचं नव्हतं, हेही खर्चाच्या दृष्टीने लहान नव्हतं.

वारा अडवायचे तीन मार्ग

पहिला, छप्पर. सगळी छपरं एकपाखी आणि त्यांचा उतार जमिनीच्या उताराशी बोलणारा. दुरून पाहिलं तर दहा घरं वेगवेगळी न दिसता एकच मोठं तिरपं अंग दिसतं, मध्ये एक मनोरा वर आलेला. वारा त्यावर आपटण्याऐवजी चढून जातो.

दुसरा, वळचण नाही. छप्पर भिंतीच्या कडेशी संपतं. उघड्या कड्यावर बाहेर आलेली वळचण म्हणजे वाऱ्याला पकडायला दिलेली मूठ. खालून वारा घुसतो, भोवरे होतात आणि छप्पर उचललं जातं. ती काढली की वरचं उचलबळ घटतं आणि भिंतीलगतची हवाही कमी घुसळते. खिडक्याही बाहेरच्या फळ्यांच्या पातळीत बसवलेल्या. आज कॅलिफोर्नियात वणव्याच्या भागात घर बांधताना वळचणीखाली ठिणग्या अडकू नयेत याची काळजी घ्यावी लागते. साठच्या दशकात हा विचार कुणी केला नसणार, पण वळचण नसलेल्या घराला तो फायदा आपोआप मिळाला.

तिसरा मार्ग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: चौक. घरं कड्यावर एका रांगेत न लावता मध्ये मोकळी जागा ठेवून जुळवली. वरच्या बाजूला गाड्यांचा चौक, आत माणसांचा. वारा वायव्येचा आणि दुपारचं ऊन दक्षिण-नैर्ऋत्येचं, म्हणजे दोघं वेगळ्या दिशांनी येतात. त्यामुळे एकाला अडवून दुसऱ्याला आत घेणं जमतं. थंड हवेत माणसाला ऊब वाटायला हवा तापवावी लागतेच असं नाही. वारा थांबला आणि अंगावर ऊन आलं की 14 अंशांतही बाहेर बसता येतं. आतल्या बाजूलाही हेच तत्त्व आहे. काही घरांना भिंतीबाहेर लोंबणाऱ्या खोगिराच्या पिशव्यांसारखी काचेचे आणि लाकडाचे लहान, पुढे आलेले भाग आहेत: कुठे बसायची खिडकी, कुठे ऊन साठवणारी काचेची खोली. इतक्या काचेचं समर्थन एरवी करणं कठीण, पण ऊन जिथे येतं तिथेच ती आहे.

वारा कमी झाला की घराला नेमका किती फायदा होतो? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. वेग निम्मा झाला की दाब चौथाई. फळ्यांच्या फटींतून, खिडकीच्या कडेने आत शिरणारी थंड हवा याच दाबावर चालते. फळ्यांच्या घरात फटी जास्त, म्हणून तिथे वारा अडवण्याची किंमतही जास्त. जाड इन्सुलेशनच्या हवाबंद घरात हेच काम केलं तर फरक फारसा जाणवणार नाही.

एकमेकांना चिकटलेले ठोकळे

दहा कुटुंबांसाठी कंपनी दहा सुटे बंगले बांधू शकली असती. विकायलाही सोपे गेले असते. एकत्र बांधण्यामागे कुरण मोकळं ठेवण्याचा हेतू होता, पण ऊर्जेचा हिशेबही त्याच बाजूने लागतो. 24 फुटांचा सरळ घन धरला तर चार भिंतींचं क्षेत्रफळ 2304 चौरस फूट आणि छप्पर 576, मिळून 2880. एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक झाली की हवेला उघडं अंग 2304 वर येतं, म्हणजे वीस टक्के कमी. दोन भिंती सामाईक झाल्या तर 1728, चाळीस टक्के कमी. यासाठी एक रुपयाचं साहित्य जास्त लागत नाही, उलट दर सामाईक भिंतीमागे एका भिंतीचं वाचतं. ऊर्जाबचतीची इतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही, आणि सुट्टीसाठीच्या दुसऱ्या घरांच्या बाजारात सगळ्यात आधी नाकारली जाते तीही हीच. सी रँचलाही पुढे तेच झालं. कड्यांवर अशा आणखी इमारती व्हायच्या होत्या, त्या कधी झाल्याच नाहीत. कुरणांवर सुटी घरं आली आणि ती मोठी होत गेली.

घराच्या आतही एक लहान घर आहे. चार खांबांवर उचललेला झोपायचा पोटमाळा आणि त्याच्या खाली शेकोटीभोवती बसायची जागा. माळ्याभोवती कॅनव्हासचे पडदे सोडता येतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर एकावर एक रचून रंगवलेल्या कपाटासारखं वेगळं उभं केलेलं. मूरच्या लिखाणात या चार खांबांच्या देवघरासारख्या जागेबद्दल बरंच काव्य आहे, ते सोडून देऊ. उबेच्या दृष्टीने बघितलं तर उंच खोलीतली गरम हवा वर जाते आणि माणूस रात्री तिथेच झोपतो. संध्याकाळी शेकोटीपाशी, रात्री पडद्याआड. अख्खी खोली तापवत बसायची गरज नाही. उंच छपराच्या खोल्या उबेला वाईट असतात हा नियम आहे, आणि इथे त्या नियमाला पळवाट काढलेली आहे.

जिथे हिशेब चुकतो

चौकट आणि फळ्या आतून उघड्या ठेवायच्या ठरलं की भिंतीच्या पोटात इन्सुलेशन भरायला जागा उरत नाही. आतली आणि बाहेरची फळी मिळून दोन इंच भरीव लाकूड धरू. लाकूड चांगलं उष्णतारोधक मानलं जातं. विटेपेक्षा ते आहेच, पण दोन इंचांत ते करून करून किती करणार? आत-बाहेर दहा अंशांचा फरक असेल तर अशा भिंतीच्या एका चौरस मीटरमधून साधारण 17 वॉट बाहेर जातात. एकेरी काचेतून 57. याच भिंतीवर बाहेरून दहा सेंटिमीटर लाकडी तंतूंचं इन्सुलेशन चढवलं तर 3 वॉट. म्हणजे पाचपटीहून जास्त फरक, आणि तो एका थराने पडतो.

1965 मध्ये हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, हे खरं. तेलाचं संकट 1973 चं, कॅलिफोर्नियाची इमारतींची ऊर्जासंहिता 1978 ची. पण एवढंच म्हणून ही बाब सोडून देणं मला पटत नाही. ज्या चमूने वाऱ्याचा उतार झाडाच्या शेंड्यावरून मोजला, त्यांच्या हातून भिंतीची जाडी निसटली ती माहितीअभावी नाही, आवडीमुळे. त्यांना कोठार हवं होतं, आणि कोठाराला अस्तर नसतं.

त्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे. ही घरं रोज राहण्याची नव्हती, शनिवार-रविवारची होती. बंद, गार पडलेल्या घरात शुक्रवारी रात्री पोचणाऱ्या माणसाला दगडी किंवा काँक्रीटच्या जाड भिंती छळतात, कारण त्या तापेपर्यंत परतायची वेळ होते. हलकं लाकडी घर शेकोटी पेटवली की लवकर उबदार होतं. वस्तुमान कमी हा इथे दोष नाही, योग्य निवड आहे. अर्थात याच मुद्द्याची दुसरी बाजू अशी, की शनिवार-रविवारच्या घरासाठी गाडीने जाऊन-येऊन 320 किलोमीटर होतात, आणि ते पेट्रोल कुठल्याच भिंतीच्या हिशेबात येत नाही.

आज हेच घर बांधायचं तर मी आतलं काहीच बदलणार नाही. चौकट उघडी, फळी उघडी. तिच्यामागे हवा अडवणारा पडदा, त्यावर दहा-बारा सेंटिमीटर इन्सुलेशन, मग दोन-तीन सेंटिमीटर हवेची फट, आणि सगळ्यात बाहेर फळ्या. फट महत्त्वाची आहे. वळचण नसलेल्या भिंतीवर वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो आणि फळीच्या मागे थोडं पाणी जाणारच. फट असली की ते खाली गळतं आणि फळी दोन्ही बाजूंनी वाळते. नसली की तिथेच मुरतं. काच दुहेरी. खिळे स्टेनलेस स्टीलचे, कारण रेडवूडमधल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी साधं लोखंड भिडलं की काळे ओघळ उतरतात, आणि खारट हवेत ते लवकर उतरतात. जुन्या रेडवूडचं गाभ्याचं लाकूड कीड आणि कूज दोन्हींना सहसा दाद देत नाही, म्हणून त्या फळ्या रंगाशिवाय उघड्यावर राखाडी पडत टिकतात. तशा जुन्या झाडांचं लाकूड आज सहज मिळत नाही, आणि मिळालं तरी तोडावं का हा प्रश्न आहेच. नव्या लागवडीच्या लाकडाला वाळायची सोय जास्त लागते. म्हणजे पुन्हा ती फट.

या इमारतीला 1991 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचा पंचवीस वर्षं टिकलेल्या कामासाठीचा पुरस्कार मिळाला आणि 2005 मध्ये ती राष्ट्रीय वारसा नोंदवहीत गेली. त्यामुळे तिच्या भिंतींना आता बाहेरून थर चढवणं म्हणजे वारसा म्हणून नोंदलेलं रूप बदलणं.

कोकणात हे छप्पर आणू नये

अलीकडे कोकणात समुद्र दिसणाऱ्या उतारांवर दुसरी घरं उठताहेत, आणि वळचण नसलेला तिरपा ठोकळा हा आकार त्यांत वरचेवर दिसतो. त्याचं मूळ अशाच चित्रांत आहे. इथे एक फरक ध्यानात घ्यावा. सी रँचला ऊन आणि देखावा एका अंगाला, वारा दुसऱ्या अंगाला. मालवण किंवा गुहागरच्या उतारावर देखावा पश्चिमेचा, मावळतीचं तापलेलं ऊन पश्चिमेचं आणि पावसाळ्यातला झोडपणारा वाराही नैर्ऋत्य-पश्चिमेचाच. सगळं एकाच भिंतीवर येतं. त्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे खोल वळचण आणि पश्चिमेची पडवी काढून टाकणं म्हणजे भिंतीला छत्री नाकारणं. वादळात वळचण उचलली जाते हे खरंच आहे. 2020 च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात ते दाखवलं. पण त्यावर उपाय वळचण कापणं हा नाही. वासे तुळईला आणि तुळई खांबाला धातूच्या पट्ट्यांनी नीट जखडणं, पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवणं, म्हणजे गेलंच तर ते एकटं जाईल.

उबेचा प्रश्नही उलटा आहे. तिथे वारा अडवायचा, इथे मे महिन्यात तो घरातून आरपार जायला हवा. म्हणून घरं चारी बाजूंनी चिकटवून चालणार नाही. उताराला आडवी, एकेका खोलीच्या रुंदीची रांग बरी, मागच्या वरच्या अंगाला आणि पुढच्या खालच्या अंगाला झरोके. उताराबरोबर पातळी उतरवणं, जमीन न कापणं, हलकी लाकडी चौकट, हे मात्र जसंच्या तसं घेता येतं. जांभ्याचा चौथरा टप्प्याटप्प्याने उतरवायचा आणि त्यावर ऐन-किंजळीची चौकट, खांबाचा पाय जमिनीपासून हातभर वर दगडावर ठेवून. वाळवीला लाकडापर्यंत पोचायचं तर दगडावरून मातीची नळी बांधावी लागते, आणि ती नळी झाडताना डोळ्याला दिसते.